एकाच तळव्याचा घाम

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रभावतीच्या कागदांवर तिच्याविरुद्ध पहिलं वाक्य मी लिहिलं, हे आधीच सांगून टाकते. ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ चार शब्द. लिहायला पाच सेकंदही लागले नसतील. त्या चार शब्दांनी तिचं काय केलं, ते मला नंतर कळलं.

प्रभावती मूळची परभणीकडची, पाथरीजवळच्या एका गावातली. लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मागे भोसरीत आली. नवरा धनेश चाकणच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. ही एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होती. पत्रा आत सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, प्रेस खाली येतो आणि गाडीच्या सीटखालची पट्टी तयार होते. बटणं दोन अशासाठी, की प्रेस पडताना दोन्ही हात बाहेर असावेत. पण माल भराभर निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. कुणी लावली ती पट्टी? विचारलं तर सगळे छताकडे बघायचे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी पत्रा वाकडा बसला, तो डाव्या हाताने सरळ करायला ती गेली, आणि उजवा हात सवयीने बटणावर पडला. बोटं वाचली. तळहाताची दोन हाडं मोडली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि तिला आमच्या दवाखान्यात माझ्याकडे पाठवलं. हात सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली. मी तिचं मधलं बोट नुसतं धरलं, अजून वाकवलंही नव्हतं, तर ती अशी किंचाळली की शेजारच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

“अहो, मी अजून काही केलंच नाही,” मी म्हणाले.

“आग होतीय ताई. पदर लागला तरी आग होतीय.”

त्या दिवशी माझ्याकडे चाळीस पेशंट होते. पुढच्या दोन खेपांनाही मी बोटं धरली की ती हात ओढून घ्यायची. तिसऱ्या खेपेला मी ते वाक्य लिहून मोकळी झाले.

वर्कशॉपने नेमलेला एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा तासभर येऊन बसायचा. त्याने एक्स-रे उजेडाला धरला. हाड जुळलेलं होतं. माझं वाक्य वाचलं, आणि खाली लिहिलं, ‘कामावर रुजू होण्यास योग्य.’ हाताला त्याने हातही लावला नाही.

वर्कशॉपचे मालक अर्जुनराव भोसरीच्या जुन्या घराण्यातले. जिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी उभी असायची, तिथेच आता त्यांच्या शेड उभ्या आहेत. त्यांनी प्रभावतीला ऑफिसात बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर बायका डबा खात होत्या.

“हाड जुळलंय न्हवं बाई? मंग? आमी काय धर्मशाळा न्हाई उघडली. सोमवारपास्नं प्रेसवर उभं ऱ्हायचं. नाटकं आमच्याकडं चालत न्हाईत.”

घरी आल्यावर तिने धनेशला सांगितलं. तो म्हणाला, “थोडं सोसून बघ की. डॉक्टर काय उगंच लिहील का?”

“प्रेस पडला तवा एवढं लागलं नव्हतं,” ती मला पुढे कधीतरी म्हणाली. “ह्याच्या त्या बोलण्यानं लागलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नंबर न लावताच माझ्या खोलीत शिरली. उजव्या हाताने तिने कागद टेबलावर आपटले.

“हे तुमीच लिहिलंय ना? वाचा.”

“प्रभावती, बाहेर पेशंट...”

“मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. खोलीतले सगळे ऐकत होते.

“आता कागद ठिवा बाजूला. हात बघा. तीन येळा आले, तीन येळा तुमी बोटं धरली. हात एकदाबी बघितला नाहीत.”

मी बघितला. डावा हात जांभळट पडला होता. नखं उजव्या हाताच्या नखांपेक्षा जाड, कडेने ठिसूळ. आणि तळव्यातून घाम गळत होता. ओलसर वगैरे नव्हे, चक्क थेंब पडत होते फरशीवर. उजवा तळवा मात्र कोरडा ठाक. मला स्वतःची इतकी चीड आली की पुढचे पेशंट तसेच सोडून मी तिला वरच्या मजल्यावर डॉ. तेजस्विनी यांच्याकडे घेऊन गेले. न थांबणाऱ्या दुखण्यांवर इलाज करणं हे त्यांचं काम.

त्यांनी हाताला स्पर्श केला नाही. दोन्ही हात शेजारी ठेवायला सांगून खूप वेळ नुसतं पाहिलं. मग तिला म्हणाल्या, “तुम्ही खोटं बोलत नाही आहात.”

प्रभावती रडली नाही. “मंग मला सगळे खोटी कशामुळं म्हणायलेत?” असं तिने विचारलं.

तेजस्विनींनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. मधे पाठीचा कणा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून माकडहाडापर्यंत गाठींची एकेक माळ. या गाठींना गँग्लिया म्हणतात. आपण हात उचलतो ती आपली मर्जी. पण घाम किती यावा, रक्तवाहिनी केव्हा आवळावी, काळीज केव्हा धडधडावं, हे आपल्याला विचारून होत नाही. तो कारभार वेगळ्या नसा बघतात. या माळांकडे येणारा निरोप कण्यातून निघतो, पण थेट हातापर्यंत जात नाही. वाटेत अशा एखाद्या गाठीत थांबतो, तिथे दुसऱ्या पेशीच्या स्वाधीन होतो, आणि ती तो पुढे नेते.

“भोसरीला उतरून चाकणची बस धरतेत तसं?”

“अगदी तसं. शरीर शांत करणाऱ्या नसांच्या गाठी वेगळ्या. त्या बहुतेक त्या त्या अवयवाच्या जवळ किंवा त्याच्या भिंतीतच असतात. पण या माळेतल्या गाठी संकटाच्या. पळा, लढा, घाम काढा, असे निरोप इथून जातात. मानेच्या तळाशी, पहिल्या बरगडीच्या पुढे दोन गाठी एकत्र येऊन एक चांदणीसारखी गाठ झालेली असते. तुमच्या हाताचे निरोप तिथून जातात. हात चिरडला तेव्हा शरीराने धोक्याची हाक दिली. हाड जुळलं, पण ती हाक थांबलीच नाही. दुखणं आणि या नसा आता एकमेकींना भडकवत बसल्यात. असं काही जणांचं होतं. का होतं, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही.”

प्रभावतीने चित्रातल्या त्या गाठीवर बोट ठेवलं. “एवढ्याशा गाठीपायी?”

“नुसत्या तिच्यापायी नाही. पण तिला काही तास गप्प करून बघता येईल.”

गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन ठरलं. मी तिथे होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत तेजस्विनींनी सुई मानेच्या पुढच्या बाजूने, प्रत्यक्ष गाठीच्या जरा वर, सहाव्या मणक्यापाशी नेली. खाली फुफ्फुसाचं टोक आणि मोठी धमनी असते, म्हणून औषध वर सोडायचं आणि ते ओघळून गाठीपर्यंत जाऊ द्यायचं. दहा मिनिटांत प्रभावतीच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली आली. डोळा लाल झाला, बाहुली बारीक झाली, आवाज बसला.

धनेश आत आला आणि घाबरून ओरडला, “डोळ्याला काय केलं हिच्या?”

“औषध बरोबर जागी पोचलं,” तेजस्विनी म्हणाल्या. “डोळ्याचे निरोपही त्याच गाठीतून जातात. काही तासांत पापणी वर येईल. आता हात बघा.”

हात गुलाबी होत होता. मागच्या शिरा फुगून वर आल्या होत्या. तळवा कोरडा पडला. धनेशने भीतभीत तो हातात घेतला. तिने घेऊ दिला. किती महिन्यांनी, कोण जाणे.

“ऊन हाय,” तो म्हणाला. “ऊन झालाय हात.”

आणि तेव्हा ती भडकली. आवाज बसलेला, एक डोळा अर्धा मिटलेला, अशा अवस्थेत घोगऱ्या सुरात तिने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. “सोसून बघ म्हनला व्हतास ना? आता कळलं का काय सोसलं?” एवढं लिहिते. तो मान खाली घालून उभा राहिला. मग ती माझ्याकडे वळली. मीही तशीच उभी राहिले.

गुण चार दिवस टिकला. एका इंजेक्शनने भागत नाही, हे तेजस्विनींनी आधीच बजावलं होतं. पाचव्या दिवशी हात पुन्हा गार पडला, आणि त्याच दिवशी अर्जुनरावांचा निरोप आला. कामावर या, नाहीतर नाव कमी करतो. तेजस्विनींनी तिच्या दुखण्याबद्दल पत्र लिहून दिलं आणि मी प्रभावतीबरोबर गेले.

ऑफिसात अर्जुनराव होते आणि तो डॉक्टर होता. डॉक्टरने पत्र वरवर वाचून खाली ठेवलं.

“हे सगळं पेशंटच्या सांगण्यावर आहे. एक्स-रे नॉर्मल आहे.”

मी त्वचेचं तापमान मोजायचं छोटं यंत्र नेलं होतं. अर्धा तास दोन्ही हात टेबलावर ठेवून तिला सगळ्यांच्या समोर बसवलं, म्हणजे बर्फात बुडवून आणला असं कुणी म्हणायला नको. मग मोजलं. उजवा हात तेहतीस अंश. डावा एकोणतीस. दोन्ही तळव्यांखाली मी टिश्यू पेपर ठेवले होते. उजव्या खालचा जसाच्या तसा. डाव्या खालचा भिजून टेबलाला चिकटला होता.

“घाबरली आहे,” डॉक्टर म्हणाला. “घाबरल्यावर माणसाला घाम येतोच.”

प्रभावती उठली.

“एकाच हाताला येतो व्हय डॉक्टर? दुसरा हात काऊन घाबरंना?”

अर्जुनराव खुर्चीत सावरून बसले. डॉक्टरने पत्र पुन्हा उचललं.

“मी नाटक करायचं म्हनलं तरी करता येत न्हाई हे,” ती म्हणाली. “घाम माझं ऐकत न्हाई. तो माझ्या हातात न्हाई. पन ते बटण कुनाच्या तरी हातात व्हतं. पट्टी लावून दाबून ठिवलं ते आपोआप न्हाई दाबलं गेलं. त्याचं लिहा कागदावर. माझं लई लिहून झालं.”

“बाई, आवाज खाली,” अर्जुनराव म्हणाले.

“न्हाई करत.”

डॉक्टरने दाखला फिरवला. एका ओळीत. ‘पुढील उपचारापर्यंत कामास अयोग्य.’ चुकलं म्हणाला नाही. जाताना तिच्याकडे पाहिलंही नाही. अर्जुनरावांनी दोन दिवसांनी माणूस पाठवला. अपघात स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला, एवढी सही कर, मग माल तपासायच्या टेबलावर हलकं काम देतो, असा निरोप होता. तिने तो कागद फाडला आणि कारखाने तपासणाऱ्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. तक्रार धनेशने लिहून दिली. चौकशी अजून चालू आहे. तारखा पडतात.

इंजेक्शनं आणखी चार झाली. प्रत्येक वेळी हात ऊबदार असताना आम्ही व्यायाम करून घ्यायचो. आरशात उजवा हात बघत डावा हलवायचा, आधी मऊ कापडाला, मग खरखरीत कापडाला स्पर्श करायचा. ती दात-ओठ खाऊन करायची, आणि मधूनमधून मला शिव्या घालायची. मी त्या घेतल्या. दर वेळी गुण जरा जास्त दिवस टिकला. दिवाळीपर्यंत ती डाव्या हाताने कणीक मळू लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पुरतं मिटत नाही, आणि थंड पाण्यात हात घातला की अजून कळ येते. पूर्ण बरं होईल असं तेजस्विनी म्हणत नाहीत. ती आता चाकणला एका पॅकिंगच्या शेडमध्ये काम करते.

गेल्या महिन्यात ती पुन्हा आली, सोबत वर्षाली नावाची एक बाई घेऊन. वर्षाली दुसऱ्या वर्कशॉपमधली, मनगटाला मार लागलेला. नंबर देणाऱ्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की आजचे नंबर संपले, पुढच्या आठवड्यात या. प्रभावतीचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. मी बाहेर गेले तेव्हा ती खिडकीच्या जाळीला धरून भांडत होती आणि रांगेतले अर्धे लोक तिच्या बाजूने बोलायला लागले होते.

“तुमचा राग गेला नाही का अजून?” मी विचारलं.

“कशाला जाईल?” ती म्हणाली. “हिला आत घ्या आधी.”

मी वर्षालीला आत घेतलं.