व्हय म्हाराजा म्हणणारा भालचंद्र

भालचंद्र गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओरोसहून येणाऱ्या एसटीत होतो, हातात रक्ताचा रिपोर्ट. तो चांगला आला होता आणि सगळ्यात आधी भालचंद्रलाच सांगायचा होता… त्याला आता महिना होऊन गेला.

सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेला हा माझा शाळासोबती. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की मालवणपासून देवगडपर्यंतचे पुरुष फाइल घेऊन त्याच्या पडवीत यायचे. त्या जागेचं दुखणं, बायकोसमोरही बोलायची चोरी! भालचंद्र मात्र आलेल्याच्या बायकोला शेजारी बसवल्याशिवाय फाइल उघडत नसे. मग म्हणायचा, "आता देवाक घालतंस तसा गाऱ्हाणा घाल. काय झाला, उपाय कितके, खंयचो काय देता, काय न्हेता." बरोबर सांगितलं की, देवळात गाऱ्हाण्याला गावकरी होकार देतात तसा, गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" चुकलं की गप्प. मग डॉक्टरांना पुन्हा विचारून यायचं.

तीन वर्षांपूर्वी माझी पाळी आली. आयुष्यभर पोरांची तोंडी परीक्षा घेतलेला मी मास्तर. ऐटीत सुरुवात केली, "कापून टाकला की मी सुटलंय…" भालचंद्र गप्प. असा राग आला! त्याला घेऊन दोनदा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा कुठे सगळं सांगता आलं. ऑपरेशन केलं तर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होऊ शकतो. शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला तर त्याचे त्रास वेगळे. नुसती नजर ठेवायची तर वरचेवर तपासण्या आणि जिवाला घोर. प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" मिळालं, बायकोही हसली. शेवटी मी काकुळतीला आलो, "भाल्या, तू काय केला असतंस?"

"ता माका इचारू नको. निस्तरूचा तुमका दोघांक आसा."

आम्ही दोघांनी ऑपरेशन ठरवलं. काही महिन्यांत मी पहिल्यासारखा हिंडूफिरू लागलो.

तेराव्याला वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "भावोजी, ह्येंचा पण ताच ऑपरेशन झाल्ला, मुंबैक. लघवीची गळती शेवटपर्यंत थांबली नाय. कोणाक सांगूक नाय दिल्यानी. म्हणत, माझा ऐकून लोक भियातीत."

खरंच भ्यालो असतो. त्याचं भोगणं ऐकून तिथल्या तिथे नको म्हटलं असतं.

खुंटीवर त्याची खांद्याची पिशवी होती. आत घडी केलेल्या दोन जादा पँटी. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येताना हीच पिशवी मांडीवर घेऊन तो तासन् तास बसला होता, आणि एक अक्षर बोलला नव्हता… असा माणूस माझा मित्र होता, हे मी आता भेटेल त्याला छाती पुढे काढून सांगतो.