गोणपाटात गुंडाळलेला शाफ्ट

२०२४ साल होतं आणि मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. सकाळी पडवीत दाढी करत बसलो होतो, अर्धी झाली होती, तेवढ्यात रोह्याहून फोन आला. तो माझ्या मुलाने, प्रकाशने घेतला. "हां... हां... कधी?" एवढंच तो बोलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, उस्मानचाचा गेले." मी उरलेली दाढी पुरी केली. काय माणूस आहे असं कुणी म्हणेल, पण तसलं अर्धं तोंड घेऊन मला त्याच्या मयतीला जायचं नव्हतं. उस्मानने मेल्यावरसुद्धा चेष्टा केली असती.

मी चौथीपर्यंत शिकलेला, पेणजवळच्या खारेपाटातला आगरी. जन्मभर गाडी चालवली. उस्मान रोह्याचा गाडीमिस्त्री, माझ्याच वयाचा. आमची ओळख नागोठण्याला झाली. आंबा नदीचं पाणी रस्त्यावर चढलं होतं, गाड्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि हा पान्यांची पिशवी डोक्यावर धरून कडेला उभा होता. माझी फोर-व्हील जीप म्हणून मी पाण्यात घातली, जाताजाता त्याला बसवून घेतलं. पाण्यातून बाहेर आल्यावर आभार मानायचं सोडून हा म्हणतो, "तुझ्या डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग जाणार हाय." मी म्हटलं, "उतर खाली." उतरला बिचारा. पंधरा दिवसांत बेअरिंग गेलं. मग मीच गाडी घेऊन त्याचं गॅरेज शोधत रोह्याला गेलो. तेव्हा त्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. "आधी चहा पी," म्हणाला, "मला उतरवलंस तिथपासून चालत आलो मी. त्याचा हिशेब मागाहून करू." तो हिशेब त्याने आयुष्यभर चालवला. माझ्या प्रत्येक दुरुस्तीला, प्रत्येक भांडणाला तो मला त्या चालण्याची आठवण करून द्यायचा.

त्याची कामाची रीत न्यारी होती. दुसरे मिस्त्री गाडी आली की खाली घुसतात. हा आधी मालकाच्या शेजारी बसायचा, डोळे मिटून, एक हात गिअरच्या दांड्यावर हलका ठेवून, आणि म्हणायचा, "चल, जाऊन येऊ." कुंडलिकेच्या पुलापलीकडे जाऊन यायचं. आपण काही सांगायला लागलो की, "तू गप बस. तिला बोलू दे." परत आल्यावर मग खाली जायचा, शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळून बघायचा, गिअरबॉक्सचे रबर पहारीने उचलून बघायचा, पाट्यांचे यू-बोल्ट ठोकून बघायचा. पण मला वाटतं, त्याचं उत्तर त्या फेरीतच झालेलं असायचं. पुढचं सगळं खात्री करायला. मी गाडी तेवढी त्याच्या एकट्याच्या हातात देत असे. पेणमध्ये मिस्त्री काय कमी आहेत? तरी मी रोह्याला जायचो. लोक हसायचे, मी हसू द्यायचो.

माझं मुख्य काम म्हणजे हमरापूर आणि जोह्याच्या कारखान्यांतून गणपती उचलायचे आणि खारेपाटातल्या गावांत पोचवायचे. पावसाळ्यात आमचे बांधावरचे रस्ते म्हणजे नुसता चिखल. टेम्पो येत नाही, ट्रॅक्टर येतो पण तो मूर्ती हादरवतो. माझी जीप चारही चाकांवर लोणी कापल्यासारखी जायची. जोह्याचा कारखानदार मोरेश्वर गिऱ्हाइकाला सांगायचा, "काशीनाथच्या गाडीतून जाणार असेल तर सोंडेची जबाबदारी माझी, नायतर तुमची." एवढं माझं नाव होतं. ते नाव मी चालवत होतो. गाडी तर कुणीही चालवतो.

तीनेक वर्षांपूर्वी गाडी आवाज करायला लागली. पहिल्यातून दुसरा गिअर टाकला की खालून ठक्क. दुसऱ्यातून तिसरा, ठक्क. कुणीतरी गाडीखाली बसून हातोडा मारतंय असा. आणि आवाजाबरोबर झटका. मूर्ती घेऊन जाताना तो झटका मला माझ्या मणक्यात लागायचा. उस्मानकडे नेली. त्याने नेहमीसारखी फेरी मारली, खाली गेला, शाफ्ट पिळला आणि म्हणाला, "जॉइंटचा क्रॉस गेलाय." शाफ्टच्या सांध्यातला तो लोखंडी तुकडा नवा टाकला. महिना-दोन महिने बरे गेले, पुन्हा ठक्क. पुन्हा रोहा, पुन्हा क्रॉस. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो फेरीवरून आला आणि खाली गेलाच नाही. चाकापाशी उकिडवा बसून राहिला. मी विचारलं, "काय रे, काय म्हणते?" तो म्हणाला, "काम मोठा हाय काशा. गाडी ठेवून जा. परवा प्रकाशला पाठव, तो घेऊन येईल." मी म्हटलं, "मी येतो की." "नको," म्हणाला, "उगाच दोन खेपा कशाला."

गाडी परत आली आणि आवाज गेला. पार गेला. गिअर पडतोय का नाही कळू नये इतका गेला. स्टिअरिंगसुद्धा हलकं झालं. मला वाटलं, ग्रीसिंग केलंय, त्याचा गुण. मी पेणच्या नाक्यावर, जोह्याच्या कारखान्यात, जो भेटेल त्याला सांगत सुटलो की उस्मानसारखा मिस्त्री जिल्ह्यात नाही. चारचौघांत त्याची तारीफ केली. हे मी मुद्दाम लिहितोय.

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मोरेश्वरच्या कारखान्यातून मूर्ती घेऊन निघालो. बांधावर चढायच्या आधी छोटा दांडा पुढे टाकला. माझ्या गाडीत दोन दांडे आहेत, मोठा गिअरचा आणि छोटा पुढची चाकं जोडण्याचा. छोटा पुढे टाकला की चारही चाकं ओढतात. बांधाच्या मध्यावर गाडी रुतली. माझी गाडी, त्या बांधावर, कधी रुतली नव्हती. मी रेस केली तर मागची चाकं गरागरा फिरली आणि पुढची मेल्यासारखी उभी. पाऊस अंगावर, मागे मूर्ती, आणि ज्या पोरांना मी ट्रॅक्टर हळू चालवा म्हणून शिव्या दिल्या होत्या त्यांनीच ट्रॅक्टर आणून मला दोरीने ओढलं. एकाने म्हटलं, "काका, घरी बसा आता." ओढताना जो हिसका बसला त्यात दोन मूर्तींचे हात गेले. मोरेश्वर मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नंतर त्याने नुसतं बोलावणं बंद केलं.

मी तसाच रोह्याला गेलो. उस्मानला सगळं सांगितलं. पुढची चाकं का नाही ओढली, ते सांग. तो माझ्याकडे बघत होता. आत्ता आठवतं, तेव्हा त्याने फेरी मारली नाही, डोळे मिटले नाहीत, गाडीला बोलू दिलं नाही. तो म्हणाला, "टायर घासलेत तुझे. पुढचे टायर बदल." मी बदलले.

आता मयतीनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं सांगतो. मयतीला गेलो होतो तेव्हा गर्दीत कुणाशी बोलणं झालं नाही. चाळिसाव्याला मी एकटाच जीप घेऊन गेलो. त्याची दोन्ही मुलं आखातात, ती आली होती आणि गॅरेज आवरत होती. उस्मानच्या बायकोने, जुलेखाभाभींनी, मला बसवलं, जेवू घातलं. मग म्हणाल्या, "काशीभाऊ, तुमची वस्तू तेवढी घेऊन जा. उद्या भंगारवाला येणार हाय, त्याच्यात जायला नको." मी म्हटलं, "माझी कसली वस्तू?" त्यांनी मुलाला खूण केली. त्याने भिंतीवरून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढून आणलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. गोणपाट सोडलं. आत शाफ्ट होता, नीट ग्रीस लावून ठेवलेला. मध्यावर वेल्डिंगची गाठ होती. ती गाठ माझ्यासमोर मारलेली, मी ती अंधारात हात लावून ओळखीन. माझ्या जीपचा पुढचा शाफ्ट होता तो.

गाडी न चालवणाऱ्यांसाठी सांगतो. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेतो तो हा शाफ्ट. तो काढला तर छोटा दांडा हवा तेवढा पुढेमागे करा, पुढची चाकं नुसती मागून ढकलली जातात, हातगाडीच्या चाकांसारखी.

भाभींना वाटलं मला ठाऊक आहे. त्या डोळे पुसत हसत सांगत होत्या, "तुमच्यावर जीव होता त्यांचा. तुम्ही आलात की तुम्ही चहाला आत, आणि ते आधी गाडीतला छोटा दांडा बघायचे. लावलेलाच असायचा. हळूच मागे घ्यायचे. मला सांगायचे, काशा खारातून डांबरावर येतो आणि दांडा काढायचा विसरतो, पेणपासून तसाच येतो गो." मी पाणी मागितलं. पाणी प्यालो.

चिखलात चाकं घसरतात म्हणून पुढची आणि मागची जोडून चालतात. डांबरावर ती घसरू शकत नाहीत, मग दोन्ही शाफ्टांत दोरीला पडतो तसा पीळ पडत जातो. गिअर बदलला की तो पीळ सुटतो, ठक्क. मग क्रॉस जातात. हे मला कुणी शिकवायला नको. खारेपाटातल्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला मी हेच सांगत आलो, डांबर लागलं की दांडा मागे. म्हणजे बिघाड गाडीत नव्हता. तो माझ्यात होता. उस्मानला तो तिसऱ्या फेरीत सापडला आणि त्याने मला सोडून सगळ्यांना सांगितला.

परत येताना शाफ्ट जीपमध्ये मागच्या बाजूला पडला होता आणि प्रत्येक वळणाला इकडून तिकडे लोळत होता. संध्याकाळी प्रकाश नागोठण्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला. मी शाफ्ट पडवीत आडवा टाकून ठेवला होता. तो चप्पल काढता काढता थांबला.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"चाचांनी काढला तेव्हापासून. गाडी आणायला मलाच बोलावलं होतं ना." मग तो खाली बसला. "त्यांनी दांड्याचं सांगितलं तेव्हा मी गाडी विकायला निघालो होतो बाबा. चाचा म्हणाले, विकू नको, गाडी गेली तर तो बसून राहील आणि महिन्यात जाईल. मी पुढचा शाफ्ट काढतो, आवाज बंद होईल, त्याला वाटेल नीट झाली. चालवू दे त्याला."

"आणि मी बांधावर रुतलो तेव्हा?"

तो शाफ्टवरचं ग्रीस अंगठ्याने पुसायला लागला.

"टायर घासलेत म्हणाला तो मला. तोंडावर. तू बघत होतास, मी नवे टायर आणले ते."

"तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं. भांडलो असतो. त्याच्या गॅरेजात पाने फेकले असते. आणि मग दांडा बघून गाडी चालवली असती. पण सांगायचं तरी."

लोक म्हणतील, प्रेमापोटी केलं. भाभी म्हणतात, प्रकाश म्हणतो. मलाही कळतं ते, एवढा काही मी आडमुठा नाही. पण ज्याने मला पहिल्या भेटीत, माझ्याच गाडीत बसून, माझ्या तोंडावर बेअरिंग जाणार म्हणून सांगितलं आणि त्यापायी पावसात चालत गेला, तो माणूस मला पाहिजे होता. त्याच्यासाठी मी पेण सोडून रोह्याला जात होतो. तो कधी बदलला मला कळलं नाही. म्हातारा झालेला मित्र त्याला दिसला आणि त्याने त्याला लहान पोरासारखं खेळणं दिलं, चारचाकी दिसणारं, दोनचाकी. आणि मी ते खेळणं घेऊन त्याचीच तारीफ करत गावभर हिंडलो. माझं जोह्यातलं नाव गेलं ते चिखलाने नाही गेलं. उस्मानने काढून भिंतीला टांगून ठेवलं होतं ते. त्याच्यावर रागावायचं तर तो आता नाही. हे निसटणं तर त्याने फारच बेमालूम केलं...

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकांना धोंडे लावले, पोतं अंथरलं आणि जीपखाली गेलो. गुडघे गेल्यापासून मी गाडीखाली गेलो नव्हतो. शाफ्ट छातीवर घेतला. तो जड झाला होता किंवा मी हलका झालो होतो. एक बाजू बसली, दुसरी बसेना. थोड्या वेळाने प्रकाशचे पाय दिसले. तो वाकला, त्याने शाफ्टचं दुसरं टोक धरलं आणि मी बोल्ट आवळले. त्याने मला पायांना धरून बाहेर ओढलं. मी किल्ली घेतली तसा तो शेजारी बसला. मी नको म्हटलं नाही.

पेण सोडलं, हमरस्त्याला लागलो, आणि डांबरावर, कोरड्या डांबरावर, मी छोटा दांडा पुढे टाकला. प्रकाशने माझ्याकडे बघितलं. "माहीत हाय मला," मी म्हटलं. नागोठण्यापर्यंत पीळ भरला आणि आवाज सुरू झाला. प्रत्येक गिअरला ठक्क. रोह्यात उस्मानला पुरलं त्या कबरस्तानाच्या भिंतीला लागून गाडी उभी केली, तिथल्या तिथे थोडी पुढे घेतली, मागे घेतली, गिअर बदलत राहिलो, तिला बोलू दिलं. ठक्क. ठक्क. गेटवरचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "चाचा, गाडीत काय तरी बिघाड हाय." मी म्हटलं, "नाय. गाडी बरोबर हाय." मग छोटा दांडा माझ्या हाताने मागे घेतला आणि पेणला आलो.