सोडून दिलेला आकडा

माझा थोरला भाऊ उघड्या खाणीत भिंती मोजायचा. खाण म्हणजे जमिनीत खोल उतरत गेलेल्या अवाढव्य पायऱ्या; त्यांच्या उभ्या बाजू म्हणजे भिंती. एखाद्या पायरीला भेग पडली की तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, रोज सकाळी टेप लावून अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. अंतर साठ मिलिमीटरने वाढलं की खालचं काम बंद. बावीस वर्षं दादाने एवढंच केलं.

खाली शॉवेल, म्हणजे खोदाईचं अजस्र यंत्र, चालवणारा त्याचा दोस्त, सगळ्यांचा मामा, रोज ओरडायचा, "काय डॉक्टर, भिंतीला ताप किती?"

"तुझ्या डोक्यापेक्षा कमी. लाग कामाला!"

एका मंगळवारी खुंटी कलंडलेली दिसली. सोमवारी वाढ बावीस होती, आज टेपवर ती एकसष्ट भरली. डंपरचं चाक लागून खुंटी हलणं तिथे नेहमीचंच. अशा वेळी तो आकडा वहीत न लिहिता सोडून द्यायचा, नवी खुंटी ठोकायची आणि मोजणी शून्यापासून धरायची, ही तिथली रीत. दादाने तेच केलं. बुधवारी बारा. गुरुवारी एकतीस. गुरुवारी दुपारी भिंत खाली आली आणि मामा शॉवेलसकट तिच्याखाली गेला.

चौकशीत वही स्वच्छ निघाली. मामाच भिंतीच्या फार जवळ खोदत होता, असं ठरलं. साहेब दादाला म्हणाले, "तुमच्यावर काही येत नाही. उगाच तोंड उघडू नका."

दादा रडलाबिडला नाही. वाढलेलं जेवायचा. आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही. पंधराव्या दिवशी मला म्हणाला, "चल गं, मामाच्या घरी जाऊ. एकट्याने पाय उचलत नाही."

मामाच्या बायकोने पाणी दिलं. म्हणाली, "सगळे म्हणतात, यांचीच चूक."

"त्याची नाही, वहिनी." दादाने सगळं सांगितलं, वहीतून वाचून दाखवावं तसं. "त्या पायरीवर डंपर गेलाच नव्हता, खुंटी भिंतीनेच हलवली होती. डंपरचं मी नंतर विचारलं. त्या दिवशी विचारलं नाही. उद्या साहेबांना लिहून देतोय, आधी तुम्हाला सांगितलं."

"आणि त्या दिवशी विचारलं असतंत तर, भाऊजी?"

"काम बंद पडलं असतं."

"आणि हे?"

"खाणीबाहेर, वर असता."

"लिहा मग," एवढंच ती म्हणाली आणि पेले उचलून आत गेली. बाहेर आलीच नाही. आम्ही थोडा वेळ बसलो, मग दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहून दिलं.