सावळारामानं राखलेली मिशी

मार्गासनीचा सावळाराम न्हावी हजामत करायचा हे खरं, पण त्याचा जीव रमायचा तो चौकशीत. गिऱ्हाइकानं जांभळीखालच्या पोत्यावर बैठक मारून मान खाली घातली, की वस्तऱ्याच्या आधी याची जीभ सुटायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, भोरच्या कचेरीत कुणाला बोलावणं आलं, सगळं त्याला पाहिजे असायचं. गळ्याशी धार असलेला माणूस सहसा खोटं बोलत नाही, असा त्याचा अनुभव. न्हाव्याचा उकिरडा उपसला तर केसच निघतात म्हणतात; सावळारामाचा उपसला असता तर साऱ्या खोऱ्याच्या बातम्या निघाल्या असत्या.

चौतीस सालची दिवाळी झाली, भाताची कापणी चालू होती, आणि एक दिवस नसरापूरकडून एक बैलगाडी आली. गाडीत दोन ट्रंका, आणि गाडीमागून पायी चालणारे दोन गोरे जवान. पांढरे सदरे, गळ्यात काळी पट्टी, डोक्यावर हॅट. गाडी असताना साहेब चालतोय, हा चमत्कार बघायला सावळाराम पाटलाच्या चुलत्याची दाढी अर्धी टाकून उठला. चुलत्यानं ते पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं.

चौकशीला वेळ लागला नाही. पोरं अमेरिकेची, पंथ मॉर्मन. त्यांच्यात म्हणे विशीत आलेला पोरगा दोन-अडीच वर्षं घरदार सोडून परमुलखात जातो आणि आपल्या देवाची गोष्ट लोकांना सांगतो. दोघंही स्वतःला एल्डर म्हणवायचे, एक एल्डर बेकर आणि एक एल्डर ओल्सेन. गावानं आधी ते भाऊभाऊच धरले. मग कळलं की एल्डर म्हणजे वडीलधारा. "आयला, इसाव्या वर्साला वडीलधारं," सावळाराम म्हणाला, "म्हातारपनी ह्यांना काय म्हनत आसतील?"

चंद्राबाईच्या घराची पडवी त्यांना राहायला मिळाली आणि सावळारामाला चंद्राबाईकडून रोजची खबर मिळू लागली. कोंबडं आरवायच्या आत उठतात. गुडघे टेकून डोळे मिटतात. स्वतःची पडवी स्वतः झाडतात, कपडे स्वतः धुतात, मग मराठीची पुस्तकं उघडून मोठ्यानं घोकतात. दोघं एकमेकांना सोडून कुठं जायचे नाहीत, तसा नियमच होता. एक झाडाआड गेला तरी दुसरा त्याची हॅट धरून उभा. दारू नाही, विडी नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा नाही. गावात तेव्हा चहा नुकता रुळत होता, पाव्हण्याला चहा विचारणं ही नवी ऐट होती, आणि हे दोघं हात जोडून नको म्हणायचे. शिवाय महिन्यातून एक दिवस उपास, तोही निर्जळी. माळकरी असावेत, असं गावानं ठरवून टाकलं. मग चंद्राबाई म्हणाली, कोंबडी खातात. माळकरी आणि कोंबडी हे कोडं सावळारामाला पुष्कळ दिवस सुटलं नाही.

देवाची गोष्ट ऐकायला मात्र फारसं कुणी बसेना. एकदाच गर्दी जमली. ओल्सेननं सांगितलं की त्यांच्या मुलखात एका शेतकऱ्याच्या पोराला देवदूतानं टेकडी दाखवली, आणि त्या टेकडीत सोन्याचे पत्रे सापडले. तोरण्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसांना पुरलेल्या सोन्याची गोष्ट म्हणजे घरची गोष्ट. सगळे सरसावून बसले.

"मग आता कुठं हाय ते सोनं?" आबा धनगरानं विचारलं.

"देवदूत परत घेऊन गेला."

"म्हंजी सरकारजमा झालं म्हना," आबा म्हणाला आणि धोतर झटकून उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले.

पण कामाला ही पोरं वाघ होती. कुणाची झोडपणी असली, बांध फुटला असला, की बोलावल्याशिवाय हजर. ओल्सेनचा बाप तिकडे मेंढरं पाळायचा, हे कळलं तेव्हा सावळारामाला त्या दिवशी जेवण गोड लागेना, कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालं. साहेबाचा बाप धनगर! आबाच्या वाड्यावर एक मेंढी अडली होती, ओल्सेननं बाह्या सारून कोकरू हातानं फिरवून बाहेर काढलं, तेव्हा आबालाही ते मानावं लागलं.

तर असा हा ओल्सेन एका सकाळी बेकरला घेऊन जांभळीखाली आला. त्याच्या दाढीच्या यंत्राची पाती संपली होती आणि पुण्याहून नवी यायला अवकाश होता. सावळारामानं त्याच्यासाठी वेगळी वाटी काढली, गाल ओले केले, आणि आपल्या तोंडाचा पट्टा सुरू केला. गाल झाले, हनुवटी झाली. आरसा हातात दिला. ओल्सेननं आरशात बघून वरच्या ओठावर बोट ठेवलं.

"हे राहिले."

सावळारामाचा चेहरा उतरला. "आरारा. कवा वारलं वडील?"

"कुणाचे?"

"तुमचं."

"माझे वडील आहेत. त्यांची प्रकृती उत्तम आहे," ओल्सेन पुस्तकातल्या मराठीत म्हणाला.

"मग मिशी कशी काढू?"

सावळारामानं समजावलं. बाप जिवंत असताना पोराच्या मिशीला वस्तरा लावायचा नसतो. बाप गेला की दहाव्याला नदीवर डोकं आणि मिशी उतरायची. त्याआधी उतरली तर बापाच्या जिवावर बेततं, आणि पाप पोराला लागतं तसं न्हाव्यालाही लागतं. ओल्सेननं समजावलं की तिकडे सगळेच काढतात, आणि त्यांनी तर गुळगुळीत चेहऱ्यानंच लोकांपुढं जायचं असा दंडक आहे. "पुन्याचं शिकल्यालं लोक बी काढत्यात," सावळाराम म्हणाला. "त्यांचं त्यांच्या न्हाव्याला. म्या न्हाई काढनार." ओल्सेन ओठावर पिवळी लव घेऊन परत गेला. बेकर वाटभर त्याला बोलत होता.

सावळारामाचा हा हट्ट नुसत्या रितीचा नव्हता. त्याचा स्वतःचा पोरगा हैबती मुंबईला गिरणीत होता, आणि गेल्या होळीला दोन दिवसांसाठी घरी आला होता तो ओठ सफाचट करूनच. सावळारामानं त्याला भर चावडीपुढं विचारलं होतं, "कोन मेलं रं तुजं?" आणि जायच्या दिवसापर्यंत त्याच्याशी बोलला नव्हता. लोक हसले. पण त्या दोन रात्री सावळारामाच्या छातीत खरोखर दुखलं होतं, आणि ते कशानं दुखलं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आता सातासमुद्रापलीकडं एक मेंढपाळ बाप आपल्या हातानं मरायचा, ह्या विचारानं त्याला घाम फुटला.

ओल्सेन मात्र दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. पोरगं रोज परत जातं आणि बेकरची बोलणी खातं, ह्याचंही सावळारामाला वाईट वाटायला लागलं. त्याची बायको फुलाबाई म्हणाली, "तुमास्नी कशाला पायजे? त्याचा बाप, त्याची मिशी." सावळारामानं रात्रभर विचार केला आणि सकाळी मार्ग काढला. ओल्सेनचे केस कणसाच्या कोवळ्या तुऱ्यासारखे पिवळट, कातडी गोरी. ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर चारदोन केस ठेवले तरी दिसणार कुणाला? त्यानं मिशी काढली आणि तेवढे केस ठेवले. नुसती बारीक केली म्हणायची, उतरली असं नव्हे. देवाला एवढा हिशेब कळत असेलच.

पुण्याहून पाती आली तरी ओल्सेन रोज येत राहिला. देवाच्या गोष्टीला लोक बसत नसले तरी जांभळीखाली बसत, आणि बसलेल्या माणसांत बसायला त्याला आवडायचं. मराठी तो तिथंच शिकला. बेकरची मराठी पुस्तकातच राहिली. सावळाराम त्याला रोज पहिला प्रश्न एकच विचारायचा, "बाप कसा हाय?" आणि तो म्हणायचा, "बरा आहे." एकदा त्यानं खुलासा केला की टपाल यायला दीड महिना लागतो, म्हणजे बरा आहे याचा अर्थ दीड महिन्यापूर्वी बरा होता. हे ऐकून सावळाराम बेचैन झाला. त्या दिवशी त्यानं चारदोनाचे पाचसहा केस ठेवले.

हिवाळा गेला, शिमगा गेला. लग्नसराई आली तशी जांभळीखाली पहाटेपासून रांग लागायला लागली. वैशाखात निकडीच्या कामाला बेकर तेवढ्यापुरता नियम मोडून, ओल्सेनच्या सोबतीला गावातलं कुणी ठेवून पुण्याला गेला आणि दोन दिवसांनी परतला. दुसऱ्या सकाळी दोघं नेहमीसारखे आले. ओल्सेन पोत्यावर बसला. सावळारामानं गाल ओले केले, वस्तरा चामड्यावर परजला आणि विचारलं, "बाप कसा हाय?"

"ते वारले," ओल्सेन म्हणाला.

 बेकरनं सांगितलं की पुण्याला तार येऊन पडली होती. आठ दिवस झाले, छातीत कळ आली आणि गेले. घरी जायला बोट गाठायची तर दीड महिना, माती तर केव्हाच झाली. आणि त्याचं इथलं काम संपलेलं नाही.

आठ दिवस. म्हणजे बाप नसताना हे पोरगं रोज सकाळी बरा आहे म्हणत होतं. पण सावळारामाच्या मनात त्याच्याही आधी दुसरंच आलं. आठ दिवसांपूर्वी पाटलाच्या घरचं लग्न होतं, वऱ्हाड खोळंबलं होतं, हात भराभरा चालला होता. त्या दिवशी कोपऱ्यावरचे केस राहिले होते की गेले? कितीही आठवलं तरी आठवेना. त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"सायेब, एक सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "म्या तुमची मिशी पुरती काढतच नव्हतो. कोपऱ्याव चार केस ठेवीत व्हतो. तुमच्या बापासाटी. तुमास्नी इचारलं न्हाई. आन् त्या लगनाच्या दिशी ऱ्हायलं का न्हाई, त्ये मला ठावं न्हाई."

"राहिले होते," ओल्सेन म्हणाला.

"आं?"

"मी रोज रात्री बोट लावून बघतो. त्या दिवशीही होते."

 ज्याला आपण सहा महिने फसवतोय असं सावळारामाला वाटत होतं, तो सहा महिने सगळं जाणून होता. "मग बोलला का न्हाईत? तुमचा तर नेम हाय."

"आमच्यात असं मानत नाहीत. पण मला बरं वाटायचं," ओल्सेन म्हणाला. "वडलांनापण कळवलं होतं. इकडं एक माणूस रोज तुमच्यासाठी माझी मिशी राखतो म्हणून."

"मग? काय म्हनलं त्ये?"

"म्हणाले, त्यांना सांग, जरा जास्त ठेवत जा. माझं आता वय झालं."

आबा धनगर हसायला गेला आणि त्याला हसता येईना. सावळारामानं उपरण्यानं डोळे पुसले, हजामतीची धोकटी आवरली, काखेत मारली. "उठा," तो म्हणाला. "ह्ये हितं न्हाई करायचं."

बेकर आडवा आला. त्यांच्या पंथात असले विधी नाहीत, असं काहीतरी तो इंग्रजीत बोलला. ओल्सेन त्याला हळू आवाजात दोन वाक्यं बोलला. काय बोलला ते कुणाला समजलं नाही, पण बेकरनं हॅट काढून हातात घेतली आणि तोही मागून चालायला लागला.

गुंजवणीला पाणी उतरलं होतं, डोहात तेवढं गुडघाभर. सावळारामानं त्याला एका खडकावर बसवलं. डोक्याला हात लावला नाही. ते ओल्सेननं मागितलं नव्हतं आणि सावळारामानंही विचारलं नाही. त्यानं ओंजळीनं पाणी घेऊन ओठ भिजवला आणि तो कोपरा अगदी हळू, एका केसाला एक वेळ देत उतरवला. केस त्यानं खाली पडू दिले नाहीत. बोटांच्या चिमटीत धरले आणि पाण्यात सोडले.

ओल्सेननं ओठावर हात फिरवला. तार कळल्यापासून त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं, असं चंद्राबाईनं मागाहून सांगितलं. तो शहाण्यासारखा म्हणाला, "उद्यापासून पूर्ण काढत जा."

"काढू," सावळाराम वस्तरा धूत म्हणाला. धंद्यातली गोष्ट सांगावी तसं त्यानं पुढं सांगितलं, "काढली तरी चालंल, राखली तरी चालंल. आता तुमच्या मिशीव कुनाचा जीव न्हाई."

हे ऐकलं मात्र, आणि ओल्सेननं तोंड हातात झाकून घेतलं. रुंद खांदे हलायला लागले, आणि मग घशातून आवाज फुटला. सावळाराम वस्तरा टाकून त्याच्याजवळ खडकावर बसला. ज्याला आजवर कधी साहेब सोडून हाक मारली नव्हती, त्याच्या पाठीवर त्यानं ओला हात ठेवला.

"रड लेकरा," तो म्हणाला. "तिकडं तुजी आई रडली आसंल, भावंडं रडली आसतील. तुज्या वाटचं राहिलंय."