नायलॉनचा कोट आणि नाही-मावशी

कुठलंही काम सांगा, आधी तोंडातून "नाही" यायचं, मग हात चालायचे. म्हणून कारखान्यात सगळे तिला नाही-मावशीच म्हणत. थर्माकोलचे बारीक दाणे भरलेल्या उश्यांची तोंडं मशीनवर शिवायची, हे तिचं काम. संसार त्या मशीनवरच उभा केलेला. शिवण अशी सरळ, की मुंगीनेही वाट चुकू नये.

मग मालकाला हौस आली. सगळ्यांना नायलॉनचे चकचकीत कोट वाटले. दाणे लागले की मावशीच्या बाह्यांवर चढायला! झटकले की हातावर, हातावरून शिवणीत. सुईखाली दाणा आला की टाका सुटायचा. उश्या परत येऊ लागल्या.

"हातच चिकट तुझे," मुकादम म्हणाला. "उद्यापासून मशीन सोड, झाडू धर."

"मधात हात बुडवून येते का मी?"

घरी तिने कोट धाकट्या दिरापुढे आपटला. तो वायरमन. "भावजी, यात काय भूत शिरलंय बघा."

त्याने कोट लोकरीच्या टोपीवर खसाखसा घासला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे टुणकन उडून चिकटले.

"वहिनी, घासून वीज साठली ती कोटात. कागदाला कुणी हातही लावला नाही, तरी येतो ना? त्याच्या आत दोन जातींची वीज असते, ती जागच्या जागी जराशी सरकते. कोट जिला ओढतो ती जात जवळ येते, जिला ढकलतो ती लांब जाते. मग जवळ आलेलीची ओढ जिंकते. दाण्यांचं तसंच. सुती कापड जरा ओल धरतं, त्यात वीज टिकत नाही."

"म्हणजे माझ्या हातांचा दोष नाही?"

"अजिबात नाही."

"मग झालं तर!"

सकाळी कोट खुंटीला अडकवून ती सुती सदऱ्यातच मशीनवर बसली. एखादा दाणा आलाच, तर फुंकरीने जाई.

"कोट घाल आणि झाडू घे," मुकादम ओरडला. "मालकांचा हुकूम आहे!"

"नाही. हुकूम दाण्यांना द्या. त्यांनी ऐकला की घालते."

बायका तोंड दाबून हसल्या. मुकादम तरातरा जाऊन मालकालाच घेऊन आला. मालकाने शिवलेली उशी उलटीपालटी केली, टाके नखाने ओढून पाहिले. एकही सुटेना.

"राहू दे हिला मशीनवर," तो मुकादमाला म्हणाला.

"राहू दे काय?" मावशी सुईत दोरा ओवत म्हणाली. "मी उठले होते कुठे?"