पहिल्या तलवारीवरचं नाव

कानशीचा पहिला फराटा ऐकला तेव्हा इकुयोला वाटलं, क्योझो गंज काढतोय. दुसऱ्या फराट्याला लक्षात आलं, हा गंज काढत नाही, नाव काढतोय. स्वतःचं नाव. तिच्या तलवारीवरचं!

तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ओठ उघडेनात. समोर पातं उघडं होतं, आणि उघड्या पात्यापुढे तोंड उघडायचं नाही ही तिची तरुणपणापासूनची सवय. थुंकीचा कण उडाला तरी पोलादावर गंजाचा ठिपका येतो. तलवार म्यानातून निघाली की इकुयोच्या तोंडाला कुलूप. त्या दिवशी त्याच कुलपाने तिचा घात केला.

बाई मुळात न्हावीण. जपानातल्या बिझेनच्या डोंगराखालच्या गावात बापाचं केस कापायचं दुकान तिनेच पुढे चालवलं. वस्तऱ्याची धार ती अंगठ्यावर ओळखायची. क्योझो तेव्हा पोरसवदा लोहार होता, नव्या तलवारी घडवायला शिकत होता. भट्टीत भुवया जाळून घ्यायचा आणि उरलेल्या नीट करायला तिच्याकडे यायचा. एकदा खुर्चीत बसल्या बसल्या रडायलाच लागला. त्याची पहिली तलवार तयार झाली होती, पण टोकापासून वीतभर अंतरावर पोलादाची घडी जुळली नव्हती आणि केसाएवढी फट राहिली होती. असली तलवार कोण घेणार?

"मी घेते," इकुयो म्हणाली. "आता रडू नकोस, वस्तरा लागेल."

लग्नासाठी साठवलेले पैसे तिने त्यात घातले. आईने कपाळाला हात लावला. तरीही नवरा मिळाला. हिसाओ, बसचा ड्रायव्हर, पक्का थट्टेखोर. "माझी सवत लाकडी म्यानात राहते," असं तो आल्यागेल्याला सांगे. मग काटकसर करकरून क्योझोच्या आणखी सहा तलवारी घरात आल्या. तलवारींचे शौकीन नाक मुरडत. घ्यायची तर चारशे वर्षांची जुनी घ्यावी, कालची तलवार काय जमवायची? इकुयोचं उत्तर ठरलेलं असे. "मेलेल्या लोहाराला माझ्या पैशाचा काय उपयोग? जिवंताच्या पोटात चार घास जाऊ देत."

पुढे क्योझोचं नाव झालं, सरकारदरबारी मान मिळाला, भुवया पांढऱ्या झाल्या. यंदा गावाच्या सभागृहात त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरलं. "ताई, ती पहिली घेऊन या," असा त्याचा निरोप आला तेव्हा इकुयोने केस रंगवले, ठेवणीतला किमोनो काढला. तिला वाटलं, आपली तलवार पहिल्याच काचेच्या पेटीत बसणार. आणि या गृहस्थाने काय केलं? तिने भट्टीवर नेलेल्या तलवारीला वाकून नमस्कार केला, बांबूची खुंटी काढली, मूठ उतरवली आणि मुठीत दडणाऱ्या भागावर कोरलेलं नाव घासून सपाट केलं! वर नमस्कार करून!

पातं म्यानात गेलं तेव्हाच तिला आवाज फुटला. "अरे, काय केलंस हे?"

"ताई, तिच्यात फट आहे. माझ्या नावाने लोकांनी ती बघावी, हे मला सोसत नाही. खरं तर मोडूनच टाकणार होतो. तुमच्याकडे बघून नुसतं नाव काढलं. बदल्यात यंदाची सगळ्यात चांगली तलवार देतो."

"मला विचारलंस?"

"तुमच्या समोरच तर केलं. तुम्ही काही बोलला नाहीत. वाटलं, पटलं तुम्हाला."

"उघड्या पात्यापुढे बोलायचं नाही, हे मला शिकवलं कोणी? तूच ना?"



घरी येऊन इकुयो जेवली नाही. हिसाओ चिडला. "आवाज नाही तर नाही, हात तरी धरायचास त्याचा!"

"कानस चालू असताना? पात्यावर ओरखडा आला असता."

यावर हसावं की रडावं, हिसाओला कळेना.

सोमवारी, न्हाव्यांच्या सुट्टीला, तिने नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि सातही तलवारी भट्टीवर नेल्या. नावाच्या सहा क्योझोपुढे ओळीने मांडल्या. सातवी, बिननावाची, म्यानातून काढली, दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली आणि बोलायला लागली.

"ताई! पातं उघडं आहे!" क्योझो हबकून अर्धवट उठला.

"असू दे. त्या दिवशी गप्प बसले, आज बोलणार. ही घडवणाऱ्या पोराला मी ओळखत होते. भुवया जळलेला, हातांना फोड आलेला, एका फटीपायी रडणारा. त्याच्यावर भरवसा ठेवून मी या बाकीच्या घेतल्या. त्याला तू घासून टाकलंस. मग या सहा कोणाच्या, मला काय ठाऊक? यांचीही नावं काढ. घे ती कानस."

पात्यावर तिच्या बोलण्याचे बारीक थेंब उडाले होते. उघड्या पात्यापुढे इकुयो बोलते आहे, हे क्योझोला डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना. त्याने कानस उचलली नाही. छिन्नी उचलली.

"पुन्हा कोरून देतो," तो पुटपुटला. त्याने तलवारीसाठी हात पुढे केला.

"नको. तुला तिची लाज वाटते. मला कधीच वाटली नाही."

तिने मऊ कागदाने पातं पुसलं, तेलाचा हात फिरवला, म्यानात घातलं आणि तलवारीला नमस्कार करून ती बाहेर पडली.

हिसाओ गाडीत वाट बघत होता. "एकच? बाकीच्या सहा कुठे आहेत?"

"ज्याच्या नावाच्या आहेत, त्याच्यापाशी ठेवल्या."

हिसाओने सवतीला मागच्या सीटवर नीट ठेवलं आणि किल्ली फिरवली.