मेंढीसारखं अंग सोडलं तेव्हा

आमचा खंडोबा कोरड्या माळावरचा देव. त्याला टेकडी लागते, भणाणता वारा लागतो, समोर चार मेंढरं चरताना दिसावी लागतात. पाण्याशी त्याचं काय देणंघेणं, असा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता, कारण आमच्या नांदूरघाटच्या अंगाला देवाला विचारावं इतकं पाणीच कधी साठत नाही. पण गेल्या हिवाळ्यात कारभारणीला घेऊन मी केरळात काथ्या वाहणाऱ्या एका होडीत बसलो, तोंड दक्षिणेला केलं, आणि पुढं, मागं, डावीउजवीकडं जिकडं पाहावं तिकडं पाणीच. केज तालुक्यातल्या सगळ्या विहिरी त्यात ओतल्या असत्या तर त्या पाण्याला कळलंही नसतं. एका बाजूला नारळीची रांग, रांगेच्या पलीकडं समुद्राची गाज, आणि मधल्या लांबलचक कालव्यातून आमची होडी. तेव्हा कमरेची भंडाऱ्याची पिशवी चाचपत मी मनात म्हणालो, देवा, तुझी हद्द इथवर पोचते का? का मांजरसुंब्याच्या फाट्यावरच तू मागं वळलास?

अशी शंका उगाच येत नाही. आमची एकुलती एक लेक ज्योती कोल्लमच्या बाजूला एका खोलीत राहत होती. जावई जहाजावर मेकॅनिक, आणि तेव्हा जहाज भर समुद्रात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमची रीत. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की बाळाची वार खाली आहे, प्रवास अजिबात करायचा नाही, रक्त जायला लागलं तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतेल. लेकीला माहेरी येता येईना, तेव्हा माहेरच उठून लेकीकडं निघालं. माहेर म्हणजे मी, माझी कारभारीण शालन, डिंकाच्या लाडवांचा एक डबा, आणि बाळाला पहिल्यांदा निजवायला आमच्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी. ती घोंगडी एवढी जाड की रेल्वेच्या डब्यातल्या लोकांना वाटलं, आम्ही एक जिवंत मेंढा गुंडाळून चालवला आहे. मेहुणा फाट्यावर पोचवायला आलेला. तो म्हणाला, “दाजी, तिकडं पाणी लई हाय म्हणत्यात. थोडं खिशात घालून आणा.” तेव्हा आम्ही हसत निघालो होतो.

हसू गाडीतच संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीचा फोन आला. “आई, अंगावरून रगत जायलंय गं. शेजारच्या काकू रिक्षा बघायल्यात. तुमी कुठवर आलाव?” शालननं काही विचारायच्या आत फोन तुटला, आणि मग लागेचना. दवाखाना कोणता, ते आम्हाला ठाऊक नाही. आमच्याकडं नाव म्हणून एकच होतं, कोल्लम. त्यातच अलप्पुळाला गाडी थांबली ती थांबलीच. पुढं रुळावर काहीतरी बिघडलेलं, आणि बाहेर रस्त्यावर कसलासा बंद. एसटी नाही, रिक्षा नाही, दुकानाची एक फळी उघडी नाही. मी स्टेशनाबाहेर उभा राहून हिंदीत, मराठीत, शेवटी नुसत्या हातवाऱ्यांनी बोललो. कोल्लम म्हणालो, पोटापुढं हात गोल करून दाखवले. लोकांना वाटलं, ह्याला भूक लागलीय. दोघांनी केळी आणून दिली. तिसऱ्यानं मात्र शालनच्या तोंडाकडं पाहिलं आणि आम्हाला धक्क्यावर नेलं. तिथं काथ्याच्या गुंडाळ्या भरून एक इंजिनाची होडी दक्षिणेला निघाली होती. नावाड्यानं मान हलवली, आणि आम्ही गुंडाळ्यांवर जाऊन बसलो.

आमच्याकडं त्या दिवसांत सकाळी शेकोटीजवळून उठवत नाही. तिथं मी अंगातलं जाकीट काढून घामानं निथळत होतो. त्या होडीची चाल अशी की काठावरची बदकं आम्हाला मागं टाकून जात, आणि पुढं थांबून वळून बघत. शालन एक अक्षर बोलत नव्हती. घोंगडी पोटाशी धरून एका लयीत पुढंमागं डुलत होती. ती बोलते तेव्हा मला पळून जावंसं वाटतं, पण ती गप्प बसली की मला पळायचंही सुचत नाही. मी दर थोड्या वेळानं मोबाईल वर धरून बघत होतो. रेंज नाही. एकदा एक दांडी यायची, मी नंबर लावेपर्यंत जायची. काही करता येत नाही, ही गोष्ट मला आयुष्यात सोसत नाही. मेंढरू अडलं तर ढकलावं, माणूस अडला तर भांडावं, देव अडला तर नवस वाढवावा, एवढंच मला येतं. सकाळपासून मी नवस एवढे वाढवले होते की ते फेडायला मला आणखी दोन जन्म लागले असते.

दुपार कलल्यावर होडी एका वळणावर थांबली. इंजिनाच्या पंख्यात काहीतरी गुंतलं होतं आणि नावाडी मागं वाकून ते तोडत होता. आणि समोर पाहतो तर काय, रान! असं हिरवंगार, दाट, गुडघाभर रान मी जन्मात पाहिलं नव्हतं. लसूणघासच जणू, वर जांभळी फुलं. माझी सगळी मेंढरं वर्षभर तिथं सोडली असती तरी कोपरा संपला नसता. आमच्या मुलखात जिथं हिरवं तिथं जमीन. ह्यात शंका घ्यायची सवयच नाही आम्हाला. मला वाटलं, ह्या रानाच्या मधोमध उभं राहून फोन वर धरला तर रेंज मिळेल. मी मोबाईल उंच धरला, होडीच्या काठावर पाय दिला, आणि झोकात त्या रानात उतरलो.

ते रान माझ्यासकट खाली गेलं. जलपर्णी होती ती, पाण्यावर तरंगणारी. मोबाईल कुठल्या कुठं गेला. नाकातोंडात पाणी, पायांना मुळ्यांचे विळखे, आणि मला पोहता येत नाही. पोहायला शिकायचं तरी कशात? मी हातपाय झाडायला लागलो. जितका झाडतो तितका गुंततो. नावाडी त्याच्या भाषेत ओरडतोय, एक बांबू माझ्याकडं येतोय, तो माझ्याच हातानं मी बाजूला उडवतोय. तेवढ्यात शालनचा आवाज आला. आयुष्यभर माळावर विखुरलेली मेंढरं ज्या आवाजानं ती गोळा करते, त्या आवाजानं ती ओरडली, “आवं, मेंढी व्हा! मेंढी व्हा की! शेळीवानी झटू नका!”

दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढरं तळ्यात धुतो. शेळी पाण्यात पडली की लाथा झाडते, धरणाऱ्यालाही घेऊन बुडते. मेंढी पहिल्यांदा दचकते, पण हनवटीखाली हात लागला की सगळं अंग सोडून देते, आणि एवढं वजनदार जनावर पिसासारखं हलकं होतं. मी हजार वेळा तो हात मेंढरांच्या हनवटीखाली धरला होता. माझ्या हनवटीखाली हात कुणी धरायचा, ते मला दिसत नव्हतं. तरी मी अंग सोडलं. मनातले सगळे नवस सोडले, देवाला घातलेल्या अटी सोडल्या, तोंड आभाळाकडं केलं आणि निपचित झालो. आणि खरं सांगतो, त्या पाण्यानं मला वर धरलं. नावाड्याचा बांबू काखेत आला, आणि त्यानं मला जलपर्णीसकट ओढत काठाला लावलं.

काठावर मी खोकत पडलो होतो. शालननं होडीतून उतरून मला जिवंत बघितलं आणि मग सकाळपासून दाबून धरलेलं रडू तिला फुटलं. फोन गेला, लेकीचा नंबर दोघांनाही तोंडपाठ नाही, आता कुठं शोधायचं, कुणाला विचारायचं. “आगं माझ्या माय गं, कुठं हायेस गं तू,” असं म्हणत तिनं जो टाहो फोडला तो नांदूरघाटला ऐकू गेला असावा. समोरच्या कौलारू घराचं दार उघडलं. पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर आली. गळ्यात क्रूस. आमच्याजवळ येऊन शालनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “कावून रडायलीस गं माय? काय झालं?”

मला वाटलं, मी बुडालो आहे आणि हे वरचं गाव आहे.

त्या सिस्टर होत्या. सरकारी दवाखान्यात आमच्याच भागात त्यांची सगळी नोकरी गेलेली, आणि निवृत्तीनंतर त्या आपल्या गावी परतलेल्या. “गाव कोणतं तुमचं?” त्यांनी विचारलं. शालन म्हणाली, “केज तालुका, नांदूरघाट.” सिस्टर एकदम हसल्या. “नांदूरघाट! तिथल्या बाया लई शिव्या द्यायच्या मला बाळंतपणात. आणि हे कोण? ह्यांना कावीळ झाली काय?” तेव्हा माझा अवतार मलाच दिसला. पिशवीतला भंडारा भिजून मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो, आणि त्यावर हिरव्या मुळ्या लोंबत होत्या.

शालननं हुंदक्यांतच सगळं सांगितलं. “वार खाली” हे दोन शब्द ऐकताच सिस्टरांचं हसू गेलं. त्यांनी पुढं एकही प्रश्न विचारला नाही. घरात जाऊन फोन आणला आणि ओट्यावर बसून एकामागून एक लावत राहिल्या. सगळ्या जुन्या ओळखीच्या नर्सा. मला त्या बोलण्यातले “मराठी” आणि “ज्योती” एवढे दोनच शब्द कळत होते. एक फोन झाला, मान हलली, नाही. दुसरा झाला, नाही. मी पुढं वाकून काही सांगायला गेलो तर शालननं माझा ओला सदरा धरून खाली बसवलं. मग एका फोनवर सिस्टर उभ्या राहिल्या, आणि ऐकत असताना त्यांचा हात आपोआप क्रूसाकडं गेला.

“तुमची पोरगी कोल्लममधी न्हाई,” त्या म्हणाल्या. “बंदमुळं शहराकडचा रस्ता अडवलाय. शेजारणीनं रिक्षा उलटी फिरवून इकडच्या दवाखान्यात आणली. ह्या पलीकडच्या गावात. रगत थांबंना म्हणून आत्ता ऑपरेशनला घेतलंय. उठा.”

उलटी म्हणजे आमच्याकडं. होडी वळणावर अडकली नसती, तर आम्ही ते गाव मागं टाकून लेकीपासून लांब लांब जात राहिलो असतो. ह्याचा अर्थ काय, ते मी कुणाला समजावत नाही. झालं तसं सांगतो.

सिस्टर आमच्यासोबत होडीत बसल्या. पैलतीरावरून दवाखाना चालत जाण्याएवढा जवळ होता, पण मला ते अंतर केजपासून बीडपर्यंतच्या रस्त्याएवढं वाटलं. ऑपरेशनच्या दाराबाहेर आम्ही तिघं बसलो. शालन डोळे मिटून खंडोबाचं नाव घेत होती, सिस्टर त्यांच्या देवाचं घेत होत्या, आणि मी कुणाचंच घेत नव्हतो. मागण्याजोगं काही माझ्यात शिल्लक नव्हतं. जे यायचं ते येऊ दे, एवढंच होतं, आणि त्यात एक विलक्षण शांतपणा होता. माझ्यासारख्या बडबड्याला तो शांतपणा पहिल्यांदाच भेटला, त्यामुळं आधी मला तो ओळखताच आला नाही. वाटलं, कानात अजून पाणी आहे.

दार उघडलं. परिचारिकेच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली नात होती. एवढीशी, लालबुंद, आणि आवाज मात्र थेट आजीचा. रक्त बरंच गेलं होतं, बाहेरून द्यावं लागलं, पण ज्योती सुखरूप होती. रात्र व्हायच्या आत आम्हाला तिच्याजवळ जाऊ दिलं. ओठ पांढरे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. आईचा हात तिनं गालाशी धरला, मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघत राहिली, आणि पुटपुटली, “आबा, तुमी पिवळे कावून?”

मी हसायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. शालन तिला म्हणाली, “तुझा बाप घास बघायला उतरला व्हता, बाई. झोप तू.”

आम्ही तिथं महिनाभर राहिलो. सिस्टर येत राहिल्या, शालनकडून ज्वारीची भाकरी करवून घेऊन खात राहिल्या, आणि निघताना मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, “दादा, मी काय केलं? फोन लावले.” खरंच आहे. नावाड्यानं बांबू धरला, शेजारणीनं रिक्षा वळवली, शालन ओरडली, सिस्टरांनी फोन लावले. जो तो आपल्याजवळचं तेवढं करत होता. ते सगळं एका दिवसात, एका वळणावर कुणी आणून ठेवलं, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची घाई आता राहिली नाही. एवढंच कळलं की मी झटत होतो तोवर मदतीचा बांबूसुद्धा माझ्याच हातानं उडवत होतो.

परत आल्यावर केजच्या बाजारात चहाच्या टपरीवर मी ही हकिकत सांगितली. मी पाण्यात पडलो, हे सगळ्यांना लगेच पटलं. कालव्याच्या काठी केरळातली बाई आमच्या बोलीत “कावून रडायलीस” म्हणाली, तिथं मात्र पोरं टेबलं बडवायला लागली. “फेक बे, अजून फेक!” एरवी मी हार गेलो नसतो. शपथा घातल्या असत्या, दोनचार गोष्टी पदरच्या घालून त्यांची तोंडं बंद केली असती. पण त्या दिवशी एका शब्दानंही भांडलो नाही. कप खाली ठेवला आणि नुसता हसत बसलो. टपरीवाला हातातलं गाळणं तसंच धरून माझ्याकडं बघत राहिला. पोरांचं हसणंही हळूहळू थांबलं. मला गप्प बसलेलं त्या बाजारात कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यावरूनच एकेकाला वाटायला लागलं की तिकडं काहीतरी घडलं असणार.